मांजराचे डोळे आले तर...

आपल्या मराठीत ताप चढतो, सर्दी होते, हाड मोडते; डोळे मात्र येतात. जागच्या जागी असलेले डोळे पुन्हा येतात ते कोठून, हा प्रश्न परक्या माणसाला पडेल, आपल्याला पडत नाही. आमच्याकडे अहिराणीत ‘डोया उनात’ एवढे म्हटले की पुढचे सारे समजते. डोळे लाल, सकाळी पापण्या चिकटलेल्या, आत वाळू गेल्यासारखे खुपणे, आणि घरात एकाचे आले की पाठोपाठ सर्वांचे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर ही साथ आली तेव्हा जळगाव जिल्ह्यात तिचा चांगलाच जोर होता. गल्लीत ज्याला पाहावे त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. त्याच दिवसांत शेजारच्या एका आजींनी मला विचारले, “भाऊ, आमना मांजरना बी डोया उनात. आमनाच लागी गयात का रे त्याले?”

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर तेथे जमलेल्या कोणालाच ठाऊक नव्हते. पण औषध मात्र प्रत्येकाजवळ तयार होते. एक म्हणाला, तुरटीच्या पाण्याने धुवा. दुसरीने तुपाचे काजळ सुचवले. तिसरीने बाळंतिणीच्या दुधाचे नाव काढले. चौथा घरात गेला आणि थेंबांची अर्धी बाटली घेऊन आला. आजार कोणता हे ठरण्याआधी औषध ठरवून मोकळे होणे ही आपली जुनी सवय आहे. माणसाच्या बाबतीत निदान करणारा कोणीतरी मधे येतो तरी. मांजराच्या बाबतीत ती पायरीच नाही. मांजराला औषध कमी पडते असे मला वाटत नाही, त्याला निदान मिळत नाही. या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच.

आमचे काही प्राध्यापक म्हणतील, कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात हा विषय कशाला घ्यावा? मराठीच्या तासाला मांजर आम्हांला पुष्कळ भेटते. ते डोळे मिटून दूध पिते, उंदराला साक्ष राहते, गळ्यात घंटा बांधून घ्यायला नकार देते. त्याचा डोळा सुजला तर काय करावे, हे मात्र कोणत्याही म्हणीत सापडले नाही. म्हणून लिहायला बसलो.

प्रथम आजींच्या प्रश्नाचे उत्तर. माणसांतली साथ ज्या विषाणूंची असते ते माणसांचे विषाणू. मांजराचे डोळे येतात ते बहुतांशी मांजरांच्या स्वतःच्या जंतूंमुळे. आपली साथ आणि मांजराचे डोळे एकाच आठवड्यात आले म्हणून एकाने दुसऱ्याला दिले असे होत नाही. उलट दिशेने पाहिले तर मांजराच्या डोळ्यांतला क्लॅमिडिया नावाचा एक जंतू क्वचित माणसाला बाधू शकतो, म्हणून हात साबणाने धुवावेत. घाबरून मांजराला गोणीत घालून गावाबाहेर सोडून येण्याचे त्यात काही कारण नाही. साथीच्या त्या दिवसांत तसे करणारेही होते, म्हणून लिहितो.

मांजर हा आपल्या घरातला मोठा चमत्कारिक भाडेकरू आहे. जळगावच्या डाळ मिलांत, सरकी-ढेपेच्या गोदामांत, धुळ्याच्या बाजारातल्या आडत दुकानांत त्याच्यावाचून चालत नाही. पोती कुरतडणाऱ्या उंदरांना आवर घालणारा इतका स्वस्त नोकर दुसरा कोण मिळणार? पगार म्हणजे बशीभर दूध, तेही मालकाला आठवण राहिली तर. पण हे मांजर कोणाचे, असे विचारून पाहा. ‘माझे’ असे कोणी म्हणणार नाही. ‘असतं इथंच’ एवढेच उत्तर मिळते. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, नागालासुद्धा पंचमी आहे. मांजराच्या वाट्याला तेवढे आडवे जाणे आले. सरकारी दप्तरातही तीच तऱ्हा. आपल्या देशात १९१९ सालापासून पशुगणना होत आली आहे. विसाव्या गणनेचे आकडे २०१९ साली आले, एकविसावी २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तिच्या यादीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी तर आहेतच. पण गाढव आहे, खेचर आहे, उंट आहे, कुत्रा आणि ससा आहे, हत्तीही आहे. मांजर नाही. खानदेशात हत्ती किती आणि मांजरे किती, हे सांगायला गणनेची गरज नाही. पण जो प्राणी सरकारला दिसतच नाही त्याच्यासाठी दवाखान्यात औषध कोणत्या नावाने मागवायचे?

आता त्या अर्ध्या बाटलीकडे वळतो, कारण खरा धोका तिच्यात आहे.

१९७६ साली देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे मोतीबिंदूची शिबिरे खेड्यापाड्यांत पोचली. आमच्या आजोबांच्या पिढीला त्यामुळे पुन्हा दिसू लागले, ही केवढी मोठी गोष्ट! शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालावे लागतात. त्या थेंबांत बहुधा जंतुनाशकाबरोबर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखे स्टेरॉइड असते. शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरायला ते योग्यच. आजोबांचा डोळा बरा होतो आणि बाटली उरते. पैसे मोजून आणलेले औषध फेकणे गरिबाच्या जिवावर येते. मग ती बाटली देव्हाऱ्याजवळच्या फळीवर किंवा फ्रीजच्या दारात जाऊन बसते, आणि पुढे दोन वर्षे घरात ज्याचा डोळा लाल होईल त्याच्या डोळ्यात तिचे थेंब पडतात. सुनेच्या, नातवाच्या, आणि शेवटी मांजराच्या. बाटलीवरचे अक्षर मुंगीएवढे आणि तेही इंग्रजी. आमच्या गल्लीत अशी बाटली वाचून घ्यायला लोक कॉलेजात जाणाऱ्या पोराकडे येतात. वाचता येते म्हणजे औषधातले कळते, असा त्यांचा भाबडा समज असतो. पण ते बाटली वाचायला आणतात ती बहुधा थेंब घालून झाल्यावर.

माझ्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. जळगावातल्या एका धान्याच्या दुकानात मनी नावाची मांजरी होती. बोक्याशी भांडण झाले, त्यात तिच्या उजव्या डोळ्याला नख लागले. डोळा मिटलेला, पाणी वाहते आहे. शेठजी मनाने चांगले. त्यांनी वडिलांच्या मोतीबिंदूची उरलेली बाटली काढली आणि नोकराला मनी धरायला लावून रोज तीन वेळा थेंब घातले. दोन दिवस लाली उतरल्यासारखी वाटली. सर्वांना आनंद झाला. पाचव्या-सहाव्या दिवशी बुबुळ दुधाळ दिसू लागले, मग मधोमध खड्डा पडल्यासारखे झाले. तेव्हा तिला टोपलीत घालून ढोरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि कपाळावर हात मारला. डोळा तपासायला लागणारी रंगाची कागदी पट्टी दवाखान्यात नव्हती. “डोळ्यांच्या दवाखान्याजवळच्या औषधवाल्याकडून घेऊन या, माणसांची आणि मांजराची एकच असते,” असे त्यांनी सांगितले. पट्टी आली, डोळ्याला लावली, आणि बुबुळाचा अर्ध्याहून अधिक भाग हिरवागार झाला. थेंब बंद केले, दुसरी औषधे सुरू झाली, डोळा जागेवर राहिला. पण त्यात फूल पडले ते पडलेच. मनी आता एका डोळ्याने उंदीर धरते. दुकानात काही अडत नाही, हे खरे. मांजरे एका डोळ्यावर चांगली निभावतात. पण नखाचा तो साधा ओरखडा वेळेवर ओळखला गेला असता तर बहुधा आठ-दहा दिवसांत भरून आला असता.

हे असे का घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. डोळ्याच्या पुढे, बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याच्या वरच्या पातळ थराला ओरखडा गेला, की भोवतालच्या पेशी सरकत सरकत ती जागा भरून काढतात. स्टेरॉइड हे काम मंद करते. शिवाय ते शरीराची जंतूंशी झुंजण्याची शक्ती दाबून टाकते. लाली म्हणजे शरीराची आरडाओरड. स्टेरॉइडने आरडाओरड थांबते, पण चोर आतच असतो. जखम खोल जात जात कधी आरपार जाते. आणि मांजरांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. त्यांच्या डोळे येण्यामागे पुष्कळदा हर्पिस जातीचा विषाणू असतो. तो एकदा शरीरात शिरला की बहुतेक मांजरांत जन्मभर मज्जातंतूंत दडून राहतो, आणि मांजराला ताण पडला, घर बदलले, नवे मांजर आले, मांजरी व्याली, की पुन्हा डोके वर काढतो. स्टेरॉइड त्याला जणू आवतण देते.

मांजराचा डोळा लाल दिसला की डोळेच आले, असे म्हणूनच धरून चालता येत नाही. जाणत्या माणसाचा पहिला प्रश्न असतो : एक डोळा की दोन्ही? एकाच डोळ्यातून एकाएकी पाणी वाहू लागले, मांजर तो उघडतच नाही, पंजाने सारखे चोळते, तर बहुधा आत काही गेलेले असते किंवा मनीसारखा ओरखडा असतो. आपल्याकडे गव्हाचे कुसळ, तुरीचे भुसकट, जिनिंगमधले कापसाचे तंतू, नंदुरबार-दोंडाईचाकडे मिरचीची धूळ, कशाला तोटा नाही. त्यातून मांजराला नाकाकडच्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. कुसळ तिच्या मागे जाऊन बसले तर वरून काहीच दिसत नाही. डॉक्टर डोळा बधिर करणारा थेंब टाकतात आणि ती पापणी चिमट्याने उचलून मागे पाहतात. हे घरी करण्याचे काम नव्हे, आणि बधिर करणारा तो थेंबही औषध म्हणून घरी वापरायचा नाही. त्याने जखम भरत नाही, उलट बिघडते.

दोन्ही डोळे, त्यात शिंका, नाक वाहणे, अंगात ताप, खाणे सुटलेले, असे असले तर संशय हर्पिसवर जातो. तोंडात, जिभेवर फोड असले तर कॅलिसी नावाच्या विषाणूवर. एका डोळ्यात सुरू होऊन काही दिवसांनी दुसऱ्यात गेले, पापणीच्या आतला गुलाबी भाग फुगून बाहेर आला, शिंका मात्र फारशा नाहीत, आणि मांजर वर्षाच्या आतले आहे, तर क्लॅमिडियावर. मायकोप्लाझ्मा नावाचा आणखी एक जंतू या मंडळींत असतो. दिसण्यावरून हे सगळे एकमेकांत इतके मिसळतात, की अनुभवी डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पापणीच्या आतून बोळा फिरवून नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. पण त्यातही गंमत अशी, की धडधाकट मांजराच्या नमुन्यातही हर्पिस सापडू शकतो. म्हणजे कागदावर जंतूचे नाव आले तरी मांजराला समोर ठेवून पाहणे सुटत नाही.

कुत्र्याच्या मानाने मांजराचा हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कुत्र्याचे डोळे कोरडे पडल्याने, ॲलर्जीने, पापणी आत वळल्याने लाल होणे नेहमीचे. मांजराचे डोळे आले तर मूळ संसर्गातच असेल असे आधी समजावे. हल्ली जळगाव-धुळ्यातही हौसेने चपट्या नाकाची पर्शियन मांजरे पाळू लागले आहेत. त्यांच्या डोळ्यांतून ठेवणीमुळेच पाणी गळत असते. ती गोष्ट वेगळी.

आणि काही वेळा लाली डोळ्याच्या आतली असते. घाण फारशी नाही, पण डोळा धुरकट, दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या, किंवा डोळाच मोठा दिसू लागला, तर हे डोळे येणे नव्हेच. आतली सूज किंवा काचबिंदू असू शकतो. त्या दिवशीच दवाखाना गाठला पाहिजे.

पिल्लांचे दुखणे निराळेच. मांजरी पिल्लांना सात घरे दाखवते, मगच त्यांचे डोळे उघडतात, असे आपल्याकडे म्हणतात. पिल्लांचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात, त्या मुदतीत ती बिचारी जागा बदलत असते, त्यावरून हे निघाले असावे. पण मिटलेल्या पापणीखालीच संसर्ग झाला तर आत पू साठतो आणि पापणी फुगते. तेव्हा ‘अजून सात घरे झाली नाहीत’ म्हणून वाट पाहत बसू नये. डॉक्टर पापणी कोमट पाण्याने मऊ करून अलगद उघडतात, पू काढून टाकतात, आणि डोळा वाचतो. एरवी आतल्या आत बुबुळ नासते. उकिरड्यावर, बसस्थानकामागे जी आंधळी मांजरे दिसतात त्यांतली कित्येक जन्मांध नसून पहिल्या पंधरवड्यात आंधळी झालेली असतील, असे मला वाटते.

आता त्या रंगाच्या पट्टीविषयी. फ्लुओरेसिन नावाचा हा रंग ॲडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ साली तयार केला. कागदाच्या चिमुकल्या पट्टीला तो लावलेला असतो. पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, थोडे धुतले आणि निळ्या उजेडात पाहिले, की धड जागेवर रंग बसत नाही आणि जखमेवर हिरवा चमकतो. हर्पिसची जखम तर झाडाच्या फांद्यांसारखी उमटते. तसे दिसले की जंतूचे नाव वेगळे विचारावे लागत नाही. त्याआधी दुसरी एक साधी कागदी पट्टी पापणीत एक मिनिट धरून डोळ्यात पाणी पुरेसे आहे की नाही ते मोजतात. दोन कागद आणि एक बॅटरी! मनीच्या डोळ्यात पहिला थेंब पडण्यापूर्वी हे झाले असते तर स्टेरॉइड देऊ नये हे दोन मिनिटांत कळले असते.

उपचाराचेही असेच आहे. क्लॅमिडियाला नुसता मलम पुरत नाही. डॉक्सिसायक्लीन पोटातून सुमारे चार आठवडे द्यावे लागते, आणि तेही घरातल्या सर्व मांजरांना, कारण एकाला बरे करून दुसऱ्याकडून पुन्हा लागण होते. आपल्याकडे पाचव्या दिवशी डोळा निवळला की औषध बंद. पुन्हा आले की म्हणायचे, ‘गुणच नाही.’ ही गोळी कोरडी गिळली तर मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते, म्हणून तिच्यामागून थोडे पाणी किंवा खाणे गेलेच पाहिजे. हर्पिसचा सौम्य झटका मांजर बहुधा दोन-तीन आठवड्यांत स्वतःच परतवते. जोराचा असला तर फॅमसायक्लोव्हिर नावाचे औषध आहे. पण त्याच कुळातली ॲसायक्लोव्हिरची गोळी, जी माणसाच्या नागिणीवर देतात, ती मांजराला विषारी ठरते. आणि मांजराचे अंग गरम लागते म्हणून पॅरासिटामॉल देणारे पुष्कळ आहेत. माणसाच्या तापाची ती एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कोणते औषध किती द्यायचे हे मी येथे मुद्दाम लिहीत नाही. वार्षिकांक वाचून डोस ठरवणारे निघाले तर बाटलीऐवजी माझा लेख फळीवर जाऊन बसायचा.

घरी करण्यासारखे थोडेच आहे, पण उपयोगी आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात किंवा औषधाच्या दुकानातल्या सलाईनमध्ये कापूस भिजवून नाकाच्या बाजूने बाहेर अशी चिपडे पुसावीत, प्रत्येक डोळ्याला कापूस वेगळा. नाक चोंदलेले असले तर मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही तर ते खात नाही, म्हणून वासाचे, कोमट खाणे द्यावे. आजारी मांजराची बशी निराळी ठेवावी. तुरटी, मध, हळद, काजळ यांतले काही डोळ्यात घालू नये. आजीच्या मायेबद्दल मला शंका नाही. काजळ घालणाऱ्या बोटाच्या नखाबद्दल आहे. आणि लहानपणी लस दिली तर हर्पिस आणि कॅलिसी होतात ते सौम्य. लसीने मांजर अगदी सुरक्षित होत नाही, पण डोळा जाण्याइतके दुखणे बहुधा टळते. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू झाले की सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ते चार महिन्यांचे होईपर्यंत ती पुन्हा देतात.

हे सर्व ठीक, पण दाखवायचे कोठे? मुंबईला परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जळगावहून ते चारशे किलोमीटरहून अधिक दूर. टोपलीत मांजर घेऊन भुसावळ-मुंबई गाडीत बसणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. आपल्याला आहेत ते जिल्ह्याचे सर्वचिकित्सालय आणि तालुक्या-खेड्यांतले पशुवैद्यकीय दवाखाने. ते उभे राहिले गाई-बैलांसाठी, आणि तसेच असायला हवे होते. येथे शेतकऱ्याचा संसार जनावरावर चालतो. २०२२ च्या साथीत लम्पी महाराष्ट्रात प्रथम आढळला तो ऑगस्टमध्ये आमच्याच रावेर तालुक्यात, चिनावलला. तेव्हा याच यंत्रणेने गावोगाव लसी टोचल्या. ज्यांनी ते काम केले त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मी मागतो आहे ते फार थोडे आहे : दवाखान्याच्या मागणीपत्रकात औषधांच्या नावांखाली फ्लुओरेसिनच्या पट्ट्यांची एक ओळ. ती पट्टी बैलाच्या डोळ्यालाही चालते. नांगरताना फोक लागलेला बैल, शिंग लागलेली गाय, तारेत अडकलेली शेळी, यांच्या डोळ्यांत जखम आहे की नाही हे आज किती ठिकाणी नुसत्या नजरेने ठरत असेल?

येथे कोणीतरी म्हणणारच, की माणसाला औषध मिळण्याची मारामार, तेथे मांजराचे लाड कशाला? हा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण ज्या घरांतून आम्ही आलो तेथे तो खराच आहे. तापाने फणफणलेले पोर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसलेली माय आम्ही पाहिली आहे. तिच्यापुढे मांजराची गोष्ट काढणे शोभणार नाही. पण मनीच्या डोळ्यात थेंब घालण्यापूर्वी तीच बाटली शेठजींच्या नातवाच्या डोळ्यात पडून गेली होती, हे मागाहून समजले. त्याला जखम नव्हती, नशिबाने निभावले. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदा आहे. ‘डोळ्यांचं काही द्या’ म्हटल्यावर काउंटरवरून काय मिळते ते आपण सारे जाणतो. माणसाच्या डोळ्यालाही हे थेंब फार दिवस घातले तर आतला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. म्हणजे मांजराचा डोळा गेला तो मांजर म्हणून गेला नाही. बाटली फळीवर होती म्हणून गेला, आणि ती फळी आपल्या सर्वांच्या घरात आहे.

म्हणून माझी सूचना आमच्या महाविद्यालयापुरती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात होते. झाडे लावतो, गटारी काढतो, रात्री पथनाट्य करतो. एक दिवस गुरांची तपासणीही ठेवता येते, त्याला डॉक्टर मंडळी आनंदाने येतात. त्या दिवशी गाई-बैलांच्या रांगेशेजारी एक टेबल मांजरांसाठी मांडावे. येतील किती? पाच येतील, सहा येतील. टोपलीत, पिशवीत, कोणी पदराखाली घेऊन. तेवढ्यांसाठी पट्ट्यांचे एक पाकीट आम्ही विद्यार्थी वर्गणीतून आणू. आणि त्याच दिवशी सकाळी आम्ही घरोघर जाऊन फळीवरच्या बाटल्या खाली उतरवून घ्याव्यात, मुंगीएवढे ते अक्षर मोठ्याने वाचावे, मुदत संपलेली किंवा उघडून महिना उलटलेली बाटली बाजूला काढावी, आणि ज्या बाटलीवर ‘डेक्सा’ किंवा ‘प्रेड’ने सुरू होणारे नाव असेल तिच्यावर आजींना दुरूनही ओळखता येईल अशी लाल शाईची फुली मारावी.